जलतरण-शिक्षकाला महाविद्यालयात जागा कोठे?

मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे घाटाखालचे गाव इतिहासाला पंधराव्या व सोळाव्या शतकांतील लढायांमुळे परिचित आहे. अशा गावांतून पोहण्याचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या एकाच रीतीने चालत आले. कमरेला दोर, पाठीला वाळला भोपळा किंवा पत्र्याचा डबा, आणि विहिरीच्या काठावर उभा असलेला काका अथवा मामा! ही विद्या फुकट मिळाली, म्हणून तिला मोल आले नाही. आणि ती शिकविणे हा कोणाचा आयुष्यभराचा व्यवसाय होऊ शकतो, ही कल्पनाही आपल्या समाजात रुजली नाही.

तो होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. जेम्स कौन्सिलमन हे दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक. युद्धानंतर त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९५७ पासून १९९० पर्यंत इंडियाना विद्यापीठात जलतरण शिकविले. पाण्याखाली कॅमेरा ठेवून त्यांनी पोहणाऱ्याच्या हाताची गती तपासली. हात सरळ मागे जात नाही, वळणे घेत जातो, हे त्यांनी दाखविले, आणि १९६८ साली आपले शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षे त्यांच्या संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकाविले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकणारा मार्क स्पिट्झ हा त्यांचाच शिष्य. इतकेच नव्हे, तर १९७९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, या गुरूने स्वतः इंग्लिश खाडी पोहून पार केली. हे यश एका माणसाच्या बुद्धीचे खरेच. परंतु त्या बुद्धीला तेहतीस वर्षे एकाच जागी स्थिरपणे काम करू देणाऱ्या विद्यापीठाचेही ते आहे.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि प्रशिक्षक तयार करण्याची सोय झाली. परंतु प्रशिक्षित माणसाने पुढे जावे कोठे? महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्वच सांभाळावयाचे असते. विद्यापीठाच्या जलतरण संघात ज्यांना आधीच पोहता येते त्यांची निवड होते. शिकविण्याचा प्रश्नच उरत नाही! कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे शिकला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. ते कौतुकास्पदच आहे. पण घाटाखालच्या मुलाला बंगळुरू परवडणारे नाही.

प्रश्न केवळ पदकांचा असता, तर हा लेखनप्रपंच केला नसता. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. मोताळा तालुक्यातच नळगंगेवर धरण आहे. शेतोशेती विहिरी आहेत. काका-मामा नोकरीसाठी शहराकडे गेले, भोपळा माळ्यावर राहिला. पाणी मात्र जागच्या जागी आहे.

ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओरड होते, तेथे तरणतलावाची चैन कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. परंतु तलावातील पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र तलाव हवा, असेही नाही. शेजारच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक तलाव आणि एक कायम प्रशिक्षक ठेवावा. त्याच्या कामाची मोजणी पदकांवर न करता, वर्षभरात किती मुलामुलींना पाण्यात स्वतःचा जीव सांभाळता येऊ लागला, यावर करावी. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. विहिरीवरच्या त्या जुन्या शाळेत त्यांना क्वचितच प्रवेश होता.

असा शिक्षक निवृत्त होईल तेव्हा त्याच्या भिंतीवर कदाचित एकही ढाल नसेल. पण त्याने शिकविलेली माणसे गावोगाव जिवंत असतील. एका नोकरीचे याहून अधिक सार्थक कोणते?