भुई, ओटा, वळचण

जून १९४२. अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभरासाठी सेवाग्रामला मुक्कामाला आले होते. गांधीजींशी रोज बोलायचे आणि बोलणे झाले की ते टाइप करून ठेवायचे, एवढेच काम. पण वर्ध्याचा जून! पाऊस आलेला नाही आणि ऊन गेलेले नाही. फिशर यांनी तोड काढली. पत्र्याच्या टबात पाणी भरले, त्यात एक लाकडी खोके ठेवले, त्यावर टॉवेलची घडी टाकून बैठक केली. टबाबाहेर दुसरे, जरा मोठे खोके मांडून त्यावर टाइपरायटर ठेवला आणि पाण्यात बसून लिहिले. पुढे गांधीचरित्र लिहिताना हा खटाटोप त्यांनी स्वतःच सांगून टाकला.

वाचताना हसू येते. पण त्या गृहस्थाने आश्रमाच्या आत स्वतःपुरती एक खोलीच बांधली होती, हे सहज लक्षात येत नाही. भिंत एकही नाही. एक पातळी पाण्याची, एक बुडाखालची, एक हातांखालची. तिन्ही आडव्या. त्यांच्या उंचीतल्या फरकाने कामाची जागा तयार झाली.

आपण घराचा हिशेब भिंतींनी करतो. ‘चार भिंतींच्या आत’ म्हणजे घरात. वर्धा जिल्ह्यात ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची घरे पाहत हिंडलो की मात्र भिंत दुय्यम वाटू लागते. ती कुडाची असते, तट्ट्याची असते, कधी नसतेच. घर ठरते ते पायाखाली काय आहे आणि डोक्यावर काय आहे यावरून. फ्रान्सिस चिंग यांच्या १९७९ सालच्या पुस्तकात, जे वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती अजून पडते, हेच चित्रांनी समजावले आहे: जमिनीचा पोत बदला, जागा वेगळी होते, ती थोडी उचला, आणखी वेगळी होते, वर छप्पर धरा, भिंतीवाचून खोली होते. आपल्याकडे यासाठी तीन जुने शब्द आहेत. भुई, ओटा आणि वळचण.

भुईपासून सुरू करू, कारण इथली भुई साधी नाही. वर्ध्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. अशा मातीवर घर उभे केले तर ते दर वर्षी श्वास घेते आणि सोडते. म्हणून जुन्या गावकऱ्यांनी जमिनीची सरळ वाटणी करून टाकली होती. पिकवायची ती काळी, राहायची ती पांढरी. गावठाण पांढरीवर, जरा उंचवट्याच्या जागी. पिढ्यानपिढ्यांची पडलेली मातीची घरे, चुलीची राख, सारवणाचे पापुद्रे साचून ती जागा आणखी वर येते. पवनारला धाम नदीच्या काठी असेच टेकाड आहे. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली तिथे उत्खनन केले, तेव्हा प्राचीन वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशींचे मत. राजधानी असो वा खेडे, पांढरीचे टेकाड म्हणजे जमिनींची चळत. वर राहणारा माणूस खालच्या कुणाच्या तरी माजघरावर चूल मांडून बसलेला असतो.

काळ्या मातीची खोड मला पुस्तकातून कळली नाही. आमचे घर बांधताना ठेकेदाराने मुरूम लागेपर्यंत खोदायचा कंटाळा केला. भरावही चोपला नाही. दोन पावसाळ्यांत पोर्चची फरशी दोन बोटे खचली, टाइल्स ठोकल्या की पोकळ वाजू लागल्या आणि बाहेरचे पाणी उंबऱ्याकडे वळले. त्यात गल्लीतला रस्ता. जुना थर न खरवडता नवा थर, पुन्हा नवा थर, असे करत तो फूटभर चढला. घर बांधले तेव्हा रस्त्यावरून आमच्याकडे दोन पायऱ्या चढून यावे लागे. आता एक उतरून यावे लागते. घरात एक वीटही बदललेली नाही आणि तरी घर बदलले. बाहेरून येणारा आधी मान वर करून हाक मारायचा, आता खाली वाकून बघतो.

म्हणून ओटा. जोते मुरुमाने भरायचे, धुमसाने चोपायचे, दगडाच्या थराने बांधून काढायचे आणि घराच्या पुढे त्याचा हात-दोन हात भाग उघडा सोडायचा. ओल, विंचू, पावसाचे लोट यांच्यापासून ही सोय. पण गुडघ्याएवढी उंची आली की आडव्या पातळीला दुसराच गुण चिकटतो. ती बसायची जागा होते, आणि मग कुणी बसायचे हा प्रश्न येतो. कापसाचा भाव, लग्नाची बोलणी, भाऊबंदांचे तंटे सगळे ओट्यावर. घरधनी ओट्यावर, सालदार खाली अंगणात उकिडवा. दोघांत भिंत नाही, दार नाही, दीड-दोन फुटांचा चढ तेवढा आहे, आणि तो चढ ओलांडायला काही घराण्यांना पिढ्या लागल्या. मराठीने हे किती नीट टिपून ठेवले आहे: माणसाने आपली ‘पायरी’ ओळखून असावे, ‘पायरी’ सोडू नये. वळचणीचे पाणी आढ्याला गेले म्हणजे अघटित घडले. समाजाची उतरंड सांगायला आपण घराच्या पातळ्याच वापरतो.

वर्धा शहरातल्या लक्ष्मीनारायण मंदिरात हे अघटित जुलै १९२८ मध्ये घडले. जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. विनोबा त्यात सोबत होते. देवळाचे जोते तेच राहिले, पायऱ्या तेवढ्याच. त्यानंतर १९ वर्षांनी, १९४७ साली, पंढरपूरच्या विठोबासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. तिथेही अडत होते ते पायरीशीच.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावला आले. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. सुरुवातीला सगळे आदिनिवासात एकत्र राहत. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मूळची मीराबेनची झोपडी, पुढे गांधीजींच्या वापरात आली. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडे मीराबेनच्याच हातची. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सगळे आसपासचे. आदर्श खेड्यातले घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हे गांधीजींचे म्हणणे वास्तुकार लॉरी बेकर जन्मभर सांगत राहिले.

कुटीत शिरल्यावर पहिली खोड मोडते ती नजरेची. आपण डोळ्यांच्या उंचीवर काही शोधत असतो आणि तिथे काही नसते. सगळे खाली आहे. सारवलेली भुई, तिच्यावर चटई, भिंतीला टेकून एक फळी, गादी, पुढ्यात बुटके मेज. एवढ्यावर त्या काळात व्हाइसरॉयशी पत्रव्यवहार चालत होता. खोलीच्या त्या कोपऱ्याला दार नाही, पडदा नाही. गादीची कड संपते तिथे गांधीजींची ‘ऑफिस’ची हद्द संपते. भेटायला आलेल्याने चटईवर बसायचे, मग तो कार्यकारिणीचा सदस्य असो की गावचा कोतवाल. ओट्यावरचा आणि अंगणातला हा भेद इथे पुसला, कारण बसायला दुसरी उंचीच ठेवली नाही. मला वाटते, गांधीजींच्या वास्तूचे सगळ्यात धाडसी काम हेच. मातीच्या भिंतींचे कौतुक खूप झाले. माती तर विदर्भातला प्रत्येक गरीब वापरत होता.

विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत या कुटीत पहाटे येऊन बसला होता. त्याच मुक्कामात सेवाग्रामच्या परिषदेत केलेल्या भाषणात त्याने कुटीतल्या सात जागा मोजल्या: चपला काढून मनाने आत यायची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसण्याची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी ओसरी आणि प्रशस्त न्हाणीघर. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिली, तिसरी आणि सहावी या जागांना वेगळेपण भिंतीने दिलेलेच नाही. पायाखालचा पोत, गादी आणि डोक्यावरचे छप्पर यांनी दिले आहे. कुटीजवळ परचुरेशास्त्र्यांची कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताला जवळच जागा करून देऊन गांधीजी स्वतः त्यांना मालीश करीत. तेही बसूनच, त्याच पातळीवर.

आता वर पाहू. वर्धा उत्तर अक्षांश २०.७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्ही चक्क उत्तरेकडून जातो. पारा ४५ च्या वर असतो त्या दिवसांत दुपारचे ऊन भिंतीला जेमतेम चाटते. सगळा मार छपरावर. थंड देशातला वास्तुकार दक्षिणेची भिंत आणि खिडकी यांचा विचार करतो. वर्ध्याच्या गवंड्याला आधी छपराचा विचार करावा लागतो, त्याला दुसरा इलाजच नाही.

कवेलूचे छप्पर हा मार कसा सोसते? एक रांग उताणी, एक पालथी. मधल्या पोकळीत हवा, फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. कवेलू लवकर तापते, तसे लवकर निवतेही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकराला आपल्या अंगावर ओकतो. मग आपण गच्चीवर झोपायला जातो, म्हणजे छपराचीच भुई करतो. तिथेच उन्हाळ्यात कुरडया, पापड, सरगुंडे वाळतात. कवेलूला दर वर्षी जूनआधी फेरणी लागते, माकडे नासधूस करतात, फेरणारे आता मिळत नाहीत. स्लॅब घालणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. मीही तोच घातला.

छपराचा खरा कस त्याच्या कडेला लागतो, वळचणीला. डिसेंबरच्या अखेरीस वर्ध्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो. ४५ अंशांना उंची आणि अंतर सारखे. म्हणजे वळचण जमिनीपासून जितकी उंच, जवळपास तितकेच ऊन तिच्या रेषेपासून आत येते. वळचण सहा फुटांवर असेल तर हिवाळ्यात दुपारी सहा फूट आतपर्यंत ऊन, सहा फूट रुंद छपरी पूर्ण उबदार. मे महिन्यात त्याच छपरीत दुपारी एक किरण नाही. ना पडदा ओढायचा, ना खिडकी लावायची. हा हिशेब कुणी कागदावर मांडला नव्हता. वाकून आत जावे लागेल इतकी खाली वळचण ठेवायची, एवढे सुताराला ठाऊक होते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आणि पावसाचा झोड यांनाही तीच अडवते. तेवढ्याने भागत नाही म्हणून आश्रमात पावसाळ्याआधी भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात. हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मातीची भिंत, दोघांचे पटवायला एवढे करावे लागते.

उचललेली भुई आणि वरचे छप्पर या दोनच गोष्टींवर विसाव्या शतकातली काही नामांकित घरे उभी आहेत. मीस व्हान डर रोह यांनी इलिनॉयमध्ये फॉक्स नदीच्या काठी बांधलेले फार्न्सवर्थ हाउस १९५१ मध्ये पुरे झाले. पूर येतो म्हणून जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललेली भुई, वर सपाट छप्पर, मध्ये काच. १९५४ साली आणि पुन्हा १९९६ साली नदी आत शिरलीच. देखणे घर आहे, यात वाद नाही. पण त्याला वळचण नाही. काचेवर सरळ ऊन पडते आणि ज्यांच्यासाठी ते बांधले त्या डॉक्टर फार्न्सवर्थबाई उन्हाळ्यात उकडून निघत. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी साबरमतीच्या गांधी संग्रहालयात (१९६३) सहा मीटरच्या चौरस कप्प्यांवर कौलारू छपरे ठेवली. काही कप्पे भिंतींनी बंद, काही उघडे, एकात पाणी. फिरताना आपण आत आहोत की बाहेर, हे पायांनाच विचारावे लागते.

सेवाग्रामची प्रार्थनाभूमी याच्याही पुढे जाते. तिथे छप्परही नाही. बारीक खडी पसरलेले मोकळे मैदान, कडेला गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ. बस. पहाटे आणि संध्याकाळी लोक येऊन बसतात. खडीवर पाऊल पडले की करकर आवाज होतो आणि माणूस आपोआप चाल हळू करतो. आवारातल्या मातीवर तो बोलत येत असतो, इथे गप्प होतो. कुंपण नसताना हद्द कळते, तळव्यांना.

आणि सारवण. आर्वी-देवळीकडच्या खेड्यांत ज्यांची जुनी घरे उरली आहेत तिथे ते अजून बघायला मिळते. घमेल्यात शेण, चाळलेली माती, पाणी. कालवताना घट्ट राहिले तर वाळल्यावर पोपडे सुटतात, पातळ झाले तर भुईवर थर धरत नाही. बाई कोपऱ्यातून सुरुवात करते. डावा हात टेकलेला, उजवा हात अर्धवर्तुळात फिरतो. त्या वर्तुळाची त्रिज्या तिच्या हाताएवढी. एक ओळ झाली की ती उकिडवीच मागे सरकते, पुन्हा ओळ. माप तिच्या शरीराचे असल्यामुळे सासूने सारवलेली खोली आणि सुनेने सारवलेली खोली नक्षीवरून ओळखता येते. अशी मागे सरकत सरकत ती उंबऱ्याशी येते, शेवटचा हात फिरवते आणि बाहेर ओट्यावर उतरते. भुई वाळेपर्यंत आत कुणी जायचे नाही. तोवर सगळे घर ओट्यावर, वळचणीच्या सावलीत बसलेले.