दोनशे वीस किलोंचा हिशेब

मोहाडी तालुक्यात आषाढ लागला की पांदणींची रया जाते. भंडारा-तुमसर डांबरी रस्त्यावरून मोटारसायकल सुसाट येते, पण तो रस्ता सोडून शेताकडे वळलं की पुढचा एक-दीड किलोमीटर नुसता चिखल. वैनगंगा आणि सूर नदीच्या खोऱ्यातली ही धानाची जमीन. इथल्या शेतकऱ्यांनी तिच्या जाती पाडल्या आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. बरडीवर पाऊस थांबला की तासाभरात चालता येतं. कन्हारीत मात्र पाय घोट्यापर्यंत जातो आणि निघताना चपलेला किलोभर माती घेऊन निघतो.

या चिखलातून दीडशे किलो वजनाच्या माणसाने आपल्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, कसं पोचायचं, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. अंगाने भारी माणसाची आपल्याकडे थट्टा होते, त्याची अडचण मात्र कोणी विचारत नाही. गुडघे दुखतात, मोटारसायकल चिखलात मागच्या चाकाने घसरते, बैलबंडी घरोघरी राहिलेली नाही. मग तो माणूस पावसाळाभर रस्त्याच्या कडेला उभा राहून, रोवणी कुठवर आली हे फोनवर विचारतो. स्वतःच्या शेतात पाऊल टाकता न आलेल्या शेतकऱ्याची घालमेल ज्याने जवळून पाहिली, त्याला हे थट्टेवारी न्यावंसं वाटणार नाही.

अशा माणसासाठी हल्ली एका यंत्राचं नाव घेतलं जातं: ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजे एटीव्ही. लोणावळ्याला, पाचगणीला किंवा कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी चार फुगीर चाकांची ‘क्वाड बाइक’ बहुतेकांनी पाहिलेली असते. खेळण्यासारखी दिसणारी ही गाडी मुळात कामाची आहे आणि तिची गोष्ट टायरपासून सुरू होते.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना हिवाळ्यात विकता येईल असं काहीतरी हवं होतं, कारण बर्फ पडला की मोटारसायकली खपत नसत. ओसामू ताकेउची या अभियंत्याने बरेच नमुने करून पाहिले. वाट सापडली ती ‘ॲम्फिकॅट’ नावाच्या सहाचाकी गाडीच्या फुग्यासारख्या, अगदी कमी हवेच्या टायरांत. १९७०मध्ये बाजारात आलेल्या होंडाच्या ‘यूएस ९०’ला तीन चाकं होती आणि टायर २२ इंची. तीन चाकांची ही जात उलटण्यासाठी बदनाम झाली आणि १९८८मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबली. त्याआधीच, १९८२मध्ये, सुझुकीने चारचाकी ‘क्वाडरनर’ आणली होती. आज जिला आपण एटीव्ही म्हणतो ती तिचीच वंशज.

कमी हवेचा टायर भारी माणसाच्या किती उपयोगाचा, ते आकडे मांडून पाहू. समजा वजन १४० किलो. चालताना क्षणभर सगळा भार एका पायावर येतो. बुटासकट तळव्याचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर धरलं, तर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला ७०० ग्रॅमचा दाब पडतो. आता त्याच माणसाला ३२० किलोच्या एटीव्हीवर बसवू. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा साधारण ३० पीएसआय असते, एटीव्हीच्या टायरमध्ये जेमतेम पाच. जमिनीवरचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतकाच राहतो. म्हणजे गाडी आणि माणूस मिळून ४६० किलो वजन असूनही दर चौरस सेंटीमीटरला साडेतीनशे ग्रॅमच. पायी चालण्याच्या निम्मा. ज्या मऊ पांदणीत हा माणूस स्वतः रुततो, तिथून गाडी त्याला वरच्या वर नेऊ शकते, ती या टायरांच्या बळावर.

हाच आकडा सांभाळायला अवघडही आहे. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानातलं हवेचं मीटर पाच पीएसआय नीट दाखवत नाही, त्याचा काटा तिथे हललेला कळतसुद्धा नाही. कमी दाबाचं वेगळं मीटर खिशात हवं. हवा पाचवरून दोनवर गेली तर भारी स्वाराखाली टायर वळणावर रिमवरून निसटतो. ‘वजन जास्त आहे ना, मग मार हवा’ म्हणून दहा-बारा भरली, तर टायर दगडासारखा उड्या मारतो आणि चिखलात रुततो. किती हवा भरायची ते गाडीच्या मडगार्डवर किंवा सीटखाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

त्याच पट्टीवर दुसरा आकडा असतो, आणि गाडी घेताना सगळ्यात आधी बघायचा तो हाच: जास्तीत जास्त भार. शोरूममध्ये बोलणं सुरू होतं इंजिनच्या सीसीपासून. भारी माणसाने तिथेच थांबवावं. सातशे सीसीची एखादी शर्यती एटीव्ही फक्त १०० किलोंसाठी बनवलेली असते. तिची चौकट हलकी, स्प्रिंग उड्यांसाठी बसवलेल्या. त्याउलट शेतकामाच्या, म्हणजे ‘युटिलिटी’ जातीच्या, चारशे-पाचशे सीसीच्या गाड्यांची क्षमता २२० किलोंच्या आसपास असते. यात स्वार आला, त्याचे गमबूट आले, पुढच्या-मागच्या कॅरिअरवरचं सामान आलं, नंतर लावलेला, रुतलेली गाडी ओढून काढणारा विंचही आला.

१४० किलोचा स्वार बसला की उरतात ८०. मागे ४५ किलोची युरियाची एक गोणी आणि १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप ठेवला, की हातात पंधरा किलो शिल्लक. स्वार १७० किलोचा असेल तर गोणी चालेल, पंप नाही. दोनशेच्या पुढे एकट्यासाठीसुद्धा ही गाडी नव्हे, आणि हे विक्रेत्याने तोंडावर सांगायला हवं. घरगुती वजनकाटे बहुधा दीडशेला संपतात, तेव्हा धान मोजण्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर कपड्या-बुटांसकट एकदा उभं राहावं. यात लाज कसली? ट्रॅक्टरची ट्रॉली काट्यावर घेतोच की.

यानंतरचा मुद्दा तोलाचा. एटीव्ही नुसत्या हँडलने वळत नाही, स्वाराच्या अंगानेही वळते. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावर वरच्या बाजूला कलायचं. तिची सीट लांब असते ती या सरकण्यासाठी. आपल्याकडे लांब सीट दिसली की मागे दुसरा माणूस बसणारच, पण एका स्वाराच्या एटीव्हीवर तो धोका पत्करू नये. ७० किलोचा माणूस बसला तर गाडी आणि माणूस मिळून जे वजन होतं, त्यात माणसाचा वाटा अठरा टक्के. १४० किलोचा बसला की तीस टक्के. एवढं वजन सीटच्याही वर असल्याने सगळा गुरुत्वमध्य वर सरकतो. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडताना फरक कळतो: सरळ समोरून, सावकाश, अंग पुढे टाकून चढलं तर गाडी निघते, तिरकी घातली तर आडवी होते. तीनशे किलोची गाडी अंगावर आली की ती उचलायला चार माणसं लागतात, आणि पावसाळ्यात शेतावर चार माणसं हाकेच्या अंतरावर असतीलच असं नाही.

म्हणून बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीट जमिनीपासून ऐंशी-नव्वद सेंटीमीटर उंच असते. दुखऱ्या गुडघ्याने पाय टाकून चढता येतं का, हे पहिलं. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावं. पोट मध्ये येऊन हँडल अडत असेल तर ती गाडी कितीही मजबूत असो, आपली नाही. खड्डे आले की सडसडीत स्वार पायांवर उभा राहतो, त्याचे गुडघेच स्प्रिंगचं काम करतात. भारी माणसाला ते दर वेळी जमत नाही, तेव्हा त्याने मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी घ्यावी. ती वळणावर थोडी जास्त कलते, पण कंबर वाचवते. शॉकॲब्सॉर्बरच्या बुडाशी पायऱ्यांची कडी असते. हूकसारख्या पान्याने ती फिरवून स्प्रिंग ताठ करता येते. बहुतेक खरेदीदारांना हे कोणी दाखवतच नाही आणि गाडी कारखान्यात लावलेल्या, हलक्या माणसाच्या मापावर वर्षानुवर्षं चालते. स्वार बसल्यावर गाडी सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खाली बसत असेल, तर कडी फिरवायची वेळ झाली असं समजावं.

बऱ्याच एटीव्हींमध्ये गिअरऐवजी रबरी पट्टा असतो. जास्त वजन, कमी वेग आणि चिखल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो तापतो आणि जळतो. पांदणीत ‘लो’ रेंज टाकूनच चालवायची सवय हवी. विंचवर मात्र पैसे वाचवू नयेत. गाडी रुतली तर हलका माणूस उतरून ढकलतो. आपल्या माणसाला धुऱ्यावरच्या पळसाला किंवा बाभळीला पट्टा बांधून विंचनेच गाडी ओढावी लागणार. १,१०० किलो ओढणारा विंच या गाड्यांना सर्रास बसतो.

आता कायद्याचं. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यावरची नोंदणी होत नाही. त्या खासगी जमिनीपुरत्या. मोहाडीच्या शेतकऱ्याचं घर गावात, शेत पांदणीच्या टोकाला आणि मध्ये डांबरी रस्ता, तेव्हा हा अडसर रोजचा. अमेरिकेतल्या पोलॅरिस कंपनीने ‘स्पोर्ट्समन ५७०’ ही एटीव्ही कृषी ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित करून इथे आणली, तेव्हा ही वाट थोडी मोकळी झाली. पण तेव्हा तिची किंमत आठ लाखांच्या घरात होती. तेवढ्यात पंचेचाळीस अश्वशक्तीचा पुरता ट्रॅक्टर दारात उभा राहतो. शिवाय ट्रॅक्टरचा मिस्त्री तुमसरला मिळतो, एटीव्हीचा सुटा भाग आठवडाभरात येईल याची खात्री नसते.

१७०-१८० किलोंच्या पुढच्या माणसाला मी एटीव्हीऐवजी ‘साइड बाय साइड’ सुचवेन. १९८८मध्ये कावासाकीने ‘म्यूल’ आणली, तेव्हापासून ही जात जगभरच्या शेतांवर राबते आहे. स्टिअरिंग, खुर्चीसारखी सीट, पट्टा, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागे सामानाचा हौदा. इथे तोल अंगाने सांभाळावा लागत नाही, माणूस खाली बसतो आणि भारक्षमता कितीतरी जास्त असते. फक्त पट्टा पोटावरून पुरतो का आणि पिंजऱ्याच्या दारातून खांदे सहज आत जातात का, ते पाहायचं. किंमत मात्र एटीव्हीहूनही वरची.

बांधीत काय होतं, तेही बोलायला हवं. धुरा असतो फूट-दीड फुटाचा आणि एटीव्हीची रुंदी चार फूट, म्हणजे धुऱ्यावरून ती जाणार नाही. रोवणी झाल्यावर बांधीत घातली तर पऱ्हे चिरडणार. चिखलणी तर तिच्याने होतच नाही. म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंत तिचं काम पांदणीपुरतं, मालकाला शेताच्या तोंडाशी नेऊन सोडण्याचं.

त्यामुळे मोहाडीत मला सगळ्यात व्यवहारी वाटतो तो मिनी ट्रॅक्टर. पंधरा ते एकवीस अश्वशक्तीचा, शक्यतो चारही चाकांना ताकद असलेला. ज्याची हायड्रॉलिक्स सातशे किलोंच्या आसपासचं अवजार उचलते, त्याला स्वाराच्या दीडशे किलोंचं ओझं वाटत नाही. प्रश्न उरतो सीटचा: तिच्याखालची स्प्रिंग आणि बोल्ट किती किलोंसाठी आहेत हे विचारून, लागली तर मजबूत सीट बसवून घ्यावी आणि चढायला एक जादा पायरी वेल्ड करून घ्यावी. केजव्हील लावून तो चिखलणी करतो, रस्त्यावर कायद्याने चालतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना राज्य सरकारच्या योजनेत मिनी ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. गटात असा भारी सभासद असेल तर ट्रॅक्टर निवडताना त्याला बसवून पाहावं.

ज्याच्याकडे आधीच मोठा ट्रॅक्टर आहे, वजन १५० किलोंच्या आत आहे आणि ऐपत आहे, त्याने एटीव्ही खुशाल घ्यावी. ती त्याला पावसाळाभर शेतावर नेईल. विक्रेत्यांना विनंती एवढीच, की भारक्षमतेचा आकडा मराठीत, बिलावर, गिऱ्हाइकाच्या सहीच्या वर छापा. आणि ग्रामपंचायतींनी २०२१पासूनच्या ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजने’तून आपल्या पांदणींची मागणी लावून धरावी. खडी पडलेल्या पांदणीवर दीडशे किलोचा माणूस साध्या स्कूटरवरूनही शेतावर जातो.