स्टारड्यू व्हॅलीचं शेत उडालं? थांबा, नवीन सुरू करू नका!

परवा गेम सेव्ह होतानाच लाइट गेली आणि माझं तीन वर्षांचं शेत उघडेना. पोटात गोळाच आला. पण वाचलं!

विंडोजवर ॲपडेटा, रोमिंग, स्टारड्यू व्हॅली, सेव्हज असं आत जा. प्रत्येक शेताचं वेगळं फोल्डर दिसेल. आधी ते अख्खं डेस्कटॉपवर कॉपी करा, मगच हात लावा. आत शेताच्या नावाची फाइल आणि 'सेव्हगेमइन्फो' असते. दोन्हींच्या जोडीला शेवटी 'ओल्ड' लावलेली प्रत. ती आदल्या दिवसाची. बिघडलेल्या दोन्ही बाजूला काढा आणि जुन्यांच्या नावातलं अंडरस्कोअरसकट 'ओल्ड' पुसा. खेळातला एकच दिवस जातो.

मॉड वापरत असाल तर मॉड चालवणारं 'स्मापी' गेमच्या फोल्डरमध्ये 'सेव्ह-बॅकअप्स'मध्ये झिप प्रती ठेवतं, तिथेही बघा. 'मॉड्स' फोल्डर मात्र स्वतः जपा, तुमची सेटिंग्ज त्यातच असतात. 1.6 सारखं मोठं अपडेट घेण्याआधी 'सेव्हज' आणि 'मॉड्स' हे दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर घ्याच. स्टीम क्लाउडवर विसंबू नका. बिघडलेली फाइलही तिथे तशीच चढते.

कुणाचं अडलं असेल तर विचारा, नक्की मदत करेन.