आभाळ भरून येतं, पण पाऊस का पडत नाही?

काळे ढग येतात, सगळे वर बघत बसतात आणि ढग न बरसताच पुढे निघून जातात. सोलापूरकरांना हे काही नवं नाही. पण असं का होतं? यामागचं एक मोठं कारण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण.

हवेतल्या वाफेचं पाणी व्हायचं तर तिला चिकटायला काहीतरी लागतं. धूळ, धूर आणि समुद्राच्या मिठाचे बारीक कण हे काम करतात. कण नसतील तर हवा कितीही दमट असली तरी ढग होणं अवघड.

ढगातला थेंब असतो साधारण ०.०२ मिलिमीटरचा. तो इतका हलका की वरच तरंगतो. पावसाचा थेंब मात्र २ मिलिमीटरचा. म्हणजे असे १० लाख थेंब एकत्र आले की एक सर्वसाधारण थेंब खाली पडतो. पण हवेत बारीक कण फार झाले, तर तेच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब छोटेच राहतात आणि पाऊस रखडतो.

कृत्रिम पाऊस याच गणितावर चालतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर भागात विमानातून ढगांत कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले. हे कण ओलावा पटकन ओढून घेतात, त्यामुळे थेंब मोठे होतात. या प्रयोगात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाल्याचं संस्थेने सांगितलं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कण ढगाला मदत करतात, नवा ढग बनवून देत नाहीत. आभाळ कोरडं असेल तर विमान पाठवूनही उपयोग नाही.