शेवाळाचे डिझेल महाग का पडते?

पावसाळा सरता सरता आमच्या परसातल्या हौदाला शेवाळ धरते. "ही पाची घासून टाका रे, कोणीतरी पडेल," असे सासूबाई दरवर्षी निम्म्या कानडीत बजावतात. परवा हौद घासता घासता नातू म्हणाला, "आजी, शेवाळापासून डिझेल निघतं म्हणे!" सासूबाईंनी लगेच विचारले, "निघतं, तर पंपावर का मिळत नाही?" मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच येतो.

तेल निघते, हे खरे. पाणी हिरवे करणारे सूक्ष्म शेवाळ एकेका पेशीचे असते. त्याच्या काही जाती ऊन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर वाढून अंगात तेल साठवतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे यावर संशोधन केले. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हजार चौरस मीटरचे उघडे तलाव बांधले. पण रात्रीच्या थंडीने उत्पन्न घटले आणि निवडून आणलेल्या जातींना हुसकावून तिथले रानटी शेवाळच माजले. पुढे २००९ मध्ये एक्झॉनमोबिल ही बडी तेल कंपनी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या कंपनीबरोबर या कामात उतरली. २०१७ मध्ये एका जातीतील तेल दुप्पट केल्याचे जाहीर झाले. तरीही २०२३ च्या सुरुवातीला एक्झॉन यातून बाहेर पडल्याची बातमी आली.

मग घोडे अडते कुठे? पाण्यात! करंजाच्या, म्हणजे होंगेच्या, बिया वेचून घाण्यात घातल्या की काम झाले. उघड्या तलावात मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ असते. म्हणजे एक किलोसाठी दोन हजार लिटर पाणी उपसायचे. त्यात चौथा हिस्सा तेल धरले, तर एक लिटर तेलासाठी सुमारे सात हजार लिटर पाणी झाले. मोठा टँकरच म्हणा ना! एवढे पाणी ढवळा, गाळा, शेवाळ वाळवा, मग तेल काढा. या खटाटोपात जळणारी वीज आणि इंधनच नफा खाऊन टाकते.

हा खर्च कमी करण्याचे काही मार्ग आहेत. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसे शेवाळ आधी तळाशी बसवायचे आणि उरलेला घट्ट गाळच यंत्रात घालायचा. दुसरा मार्ग, वाळवणेच टाळायचे. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ मध्ये ओले शेवाळच प्रचंड दाबाखाली सुमारे ३५० अंशांवर शिजवून तासाभरात कच्चे तेल मिळवून दाखवले. म्हणजे एक अजस्र प्रेशर कुकरच!

मला सर्वांत पटतो तो तिसरा मार्ग. शेवाळाला आणखी एक काम द्यायचे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे त्याचे खाद्य. स्पेनमध्ये चिक्लाना येथे २०११ साली सुरू झालेल्या प्रकल्पात शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवले, ते आपल्या गोबरगॅससारख्या टाकीत कुजवले आणि त्या वायूवर मोटारी चालवल्या. खत फुकट, तेल काढण्याची कटकट नाही आणि पाणीही शुद्ध होते. खर्च दोन कामांत वाटला गेला की इंधनावरचा बोजा हलका होतो.

हे सगळे सांगण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या मामांनी एका एजंटाच्या शब्दावर दोन एकरांत मोगली एरंड लावला होता. बिया आल्या, घेणारा आला नाही. उद्या कोणी शेवाळाच्या शेतीची योजना घेऊन दारी आला, तर तीनच प्रश्न विचारा : पाण्यातून शेवाळ काढायला किती वीज लागते? खाद्य कुठून आणणार? आणि इंधनाला भाव नाही आला, तर दुसरे काय विकणार? उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका.

सासूबाईंना हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तोवर हौद घासायलाच हवा!"