ठिणगीचा शोध

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले; तथापि तिच्या जुन्या पेट्रोल-गाड्या अद्यापि जपल्या जातात. अशा गाडीचे एंजिन स्टार्टरने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा मालक बहुधा प्रथम नवे स्पार्क प्लग आणतो. ही घाई होय. ठिणगी प्लगपाशी पडत असली तरी तिचा उगम कॉइलमध्ये असतो.

कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह वाहतो. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडताच तो एकाएकी खंडित होतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र लोप पावते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो.

परीक्षा येथूनच आरंभावी. आसपास पेट्रोल सांडलेले नाही, हे आधी पाहावे. मग कॉइलकडून येणारी जाड तार डिस्ट्रिब्यूटरमधून काढून, रबरी मुठीच्या पकडीने एंजिनच्या धातूपासून सुमारे ५ मिलिमीटरवर धरावी व दुसऱ्याने स्टार्टर फिरवावा. निळी, कडकडणारी ठिणगी पडली, तर दोष पुढे आहे: तडकलेले झाकण, रोटर, ओलसर तारा. पावसाळ्यात पुष्कळदा कोरड्या फडक्यानेच काम भागते! ठिणगी पिवळसर असेल वा मुळीच नसेल, तर पॉइंट तपासावेत. पूर्ण उघडल्यावर त्यांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी.

पॉइंट करपलेले दिसल्यास मात्र कंडेन्सरचा संशय घ्यावा. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी पडू नये, एवढ्यासाठी तो प्रवाह स्वतःत सामावून घेतो. हा लहानसा, स्वस्त भाग निकामी असता केवळ पॉइंट बदलले, तर नवेही थोड्याच दिवसांत करपतात.