स्वतःचा प्रश्न, स्वतःची रीत : कापरेकरांकडून विद्यार्थ्याने काय घ्यावे?

आज विषय साधा आहे : विद्यार्थी शिकतो म्हणजे नेमकं काय करतो?

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत, स्मृती आणि अनुभव. मनावर आधी उमटलेल्या संस्कारातूनच जे येतं ती स्मृती. बाकी सगळा अनुभव. आता बघा, गाईडमधलं गणित पाठ करून परीक्षेत उतरवलं, तर ती झाली स्मृती. गुण मिळतात, नाही असं नाही. पण प्रश्नातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की तोच मुलगा अडतो. कारण उत्तर त्याच्याजवळ होतं, वाट नव्हती.

न्यायशास्त्राने सोळा पदार्थ मोजले. त्यात संशय तिसरा आणि निर्णय नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव, तर्क. या काही जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, पण हा क्रम बोलका आहे. आपण मुलाला उचलून थेट निर्णयावर नेऊन बसवतो. यवतमाळ घ्या, पुसद घ्या, वणी घ्या. दहावी झाली की पालक विचारतात, क्लास कुठला लावायचा? मुलाचा स्वतःचा प्रश्न कोणता, हे कोणी विचारत नाही.

म्हणून आज दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे विद्यार्थी असतानाच ते स्वतःचे प्रश्न सोडवत होते. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पीएच.डी. नाही, मार्गदर्शक नाही, हाताशी प्रयोगशाळा नाही. साधन एकच, बेरीज-वजाबाकी. एका प्रकारच्या संख्या त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचल्या, म्हणून त्यांचं नाव ‘डेम्लो संख्या’. अनेक जाणकारांना हा पोरखेळ वाटे. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं.

त्यांची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट करून पाहू. कागद घ्या. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे जा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच याल. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लिहायला तेवढं विसरू नका. हे कापरेकरांना १९४६ मध्ये सापडलं.

आता खरी गोष्ट. दहा संख्या तपासून “नेहमी असंच होतं” म्हणणं हा निर्णय नव्हे, तो अजून संशयच. मग काय, जवळजवळ नऊ हजार संख्या तपासायच्या? इथे कल्पकता लागते. मोठ्यापासून लहानापर्यंत अंकांना अ, ब, क, ड म्हणा. वजाबाकी मांडून पाहा, उत्तर येतं ९९९ गुणिले (अ−ड), अधिक ९० गुणिले (ब−क). म्हणजे चार अंकांचं काही देणंघेणं नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे! पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. मोजलं तर एकूण ५४ शक्यता. नऊ हजारांचे ५४ झाले. एवढं काम एका संध्याकाळी वहीत होतं. आणि जाता जाता हेही कळलं की प्रत्येक उत्तराला ९ ने भाग का जातो.

सर्जनशीलता म्हणजे आभाळातून पडलेली वीज नव्हे, बरं का. कोणता तपशील सोडून दिला तरी चालेल, हे ओळखणं म्हणजे सर्जनशीलता. आणि ते ओळखायला आधी हात चालवावा लागतो, चार-सहा वजाबाक्या स्वतः कराव्या लागतात. तयार रीत ऐकणाऱ्याला हे दिसत नाही.

कोणी म्हणेल, सर, परीक्षेला हे येत नाही. खरं आहे. पाठांतरही टाकू नका. पाढे येत नसते तर कापरेकरांचं पानही हललं नसतं. माझं म्हणणं एवढंच की आठवड्यात एक प्रश्न असा असू द्या, ज्याचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं नाही.

आजचा घ्या. तीन अंकी संख्येवर हाच खेळ करा. तिथे ५४ नाही, फक्त ९ शक्यता उरतात. का, आणि शेवटी कुठे पोचतो, ते मी सांगणार नाही. घरी जाऊन बघा.